घार आली, पळा!

त्या घरात तिला घार म्हणायचे. नाव नवऱ्याने पाडलेलं. ठमी रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. पोरगी टेबलाच्या कोपऱ्याकडे वळायच्या आत आई हजर, खाली पडलेलं बटण तोंडात जायच्या आत आई हजर, आणि दाराच्या फटीत बोट जायच्या वेळी तर आई आधीपासूनच तिथे उभी. "काय नजर आहे!" नवरा म्हणाला होता. "मला वाटलं मी बायको केली. ही तर घार निघाली." पुढे त्याचा खेळच झाला. ती हातात मोजे, टोपी नाहीतर भाताचा चमचा घेऊन आली की बापलेकीची जोडी पलंगाखाली सरकायची आणि आतून ओरडायची, "घार आली, पळा!" ठमी आता अडीच वर्षांची होती, आणि तिच्या तोंडून सुटलेल्या पहिल्या धड वाक्यांपैकी ते एक होतं.

अशा या घारीच्या परसात भर सकाळी खरी घार उतरली, आणि तिला पत्ता लागला नाही.

परसात चार कोंबड्या होत्या. कोंबड्या सासूबाईंच्या, खुराडं नवऱ्याने ठोकलेलं, आणि काळजी मात्र, घरातल्या सगळ्या काळज्यांसारखी, तिच्या वाट्याची. तिघी थोराड, आपल्या तोऱ्यात फिरणाऱ्या. चौथी कवडी. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून कवडी. अजून अंड्यावर न आलेली तलंग. पोरवयाची आणि म्हणून आगाऊ. इतर तिघी उन्हं चढली की झुडपाखाली जायच्या, ही मागच्या दाराच्या पायरीवर येऊन घरात कोण काय करतंय ते मान वाकडी करून बघत राहायची.

त्या पायरीवरच ठमी जेवायची. वरच्या पायरीवर ठमी, खालच्या पायरीवर कवडी. ठमीने मक्याच्या भरड्याची चिमूट टाकायची, कवडीने टकटक टिपायची, आणि मग ठमीने आ करायचा. कवडीने टिपलं नाही तर तोंडाला कुलूप. डॉक्टरांनी "वजन जरा कमीच भरतंय" असं म्हटल्यापासून घरात वजनकाट्याची अशी काही धास्ती बसली होती की या व्यवस्थेला कुणी हरकत घेतली नाही. "कोंबडीच्या ओळखीवर जेवणारी पोर," एवढंच सासूबाई म्हणायच्या, आणि भरड्याचा डबा पायरीजवळ सरकवून ठेवायच्या.

त्या सकाळी ती ठमीच्या मुठीतला खडा काढत होती. मूठ घट्ट, खडा बारीक, आणि तो तोंडात गेला तर काय काय होऊ शकतं याची चित्रं तिच्या डोळ्यांपुढून सरसर जात होती. दोरीवरच्या चादरीवरून काहीतरी काळं सरकलं. वाऱ्याने चादर हलली असेल, असं तिला वाटलं. वारा नव्हता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा कवडी जमिनीपासून हातभर वर होती.

तिने काय केलं ते तिला नीट आठवत नाही. सासूबाई सांगतात की ती ओरडत धावली, पायातली चप्पल भिरकावली आणि ती चप्पल घारीला लागली नाही, पण शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीला लागून असा आवाज झाला की घारीच्या पायांची पकड सुटली. कवडी धपकन खाली आली. पिसं मात्र बराच वेळ येत राहिली, एकेक, सावकाश, जणू कशाचीच घाई नव्हती.

"घरात घार असून परसात घार आली?" सासूबाई दारात धापा टाकत म्हणाल्या. त्यांना थट्टा करायची नव्हती. घाबरल्या की त्यांच्या तोंडून असंच काहीतरी निघायचं.

ठमी रडली नाही. पायरीवर उभी राहून ती आभाळाकडे बघत होती. खडा तिच्या मुठीतच होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. पाठीवर दोन जखमा, फार खोल नाहीत, रक्त थांबलंय, पाय हलतायत, पंख धड आहेत. मग सांगितलं, मिठाच्या कोमट पाण्याने धुवा. मलम लावा. बाकीच्या कोंबड्यांत सोडू नका, रक्त दिसलं की त्याच टोचतील.

"आणि खाणं?"

"अंधार, ऊब, शांतता. खाणं मागाहून. जखमेचं मला काही वाटत नाही हो. धसक्याचं वाटतं. कोंबडी मनाला लावून घेते. उद्या संध्याकाळपर्यंत तिने आपणहून चोच मारली तर जगली म्हणा."

"आणि नाही मारली तर?"

"तर फोन करा." मागे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. "आणि बाई, तिला छळू नका फार."

छळायचा प्रश्नच कुठे होता? ठमीची उंच खुर्ची ज्या खोक्यातून आली होती ते पुठ्ठ्याचं खोकं तिने माळ्यावरून काढलं. चांगलं कमरेएवढं उंच. तळाला जुना टॉवेल, टॉवेलाखाली गरम पाण्याची पिशवी, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी, दुसऱ्यात भरडा आणि उकडलेल्या अंड्याचा बलक. जखमा धुऊन, मलम लावून कवडीला आत ठेवलं आणि वरची झाकणं मिटली. खोकं स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीखाली, जिथे कुणाचा पाय लागणार नाही. सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे; खाणं तेवढं आधीच. मग तिने हात धुतले, ठमीचे हात धुतले, ओटा पुसला, आणि येऊन एक झाकण उचलून बघितलं.

कवडी टॉवेलवर चपटी पडली होती. मान आत, डोळे मिटलेले, पंख अंगाला चिकटलेले. भरड्याला धक्का नाही.

आत्ताच तर ठेवलीय, तिने स्वतःला समजावलं. जरा वेळ जाऊ दे.

तिने जरा वेळ जाऊ दिला, म्हणजे भांडी घासली. मग बघितलं. तशीच चपटी. कपडे घडी केले. बघितलं. तशीच. मोबाईलवर कोंबड्यांच्या धसक्याबद्दल जे जे सापडलं ते ते वाचलं. त्यातलं निम्मं दिलासा देणारं होतं, म्हणून तिने उरलेल्या निम्म्यावर विश्वास ठेवला. ड्रॉपरने साखरेचं पाणी चोचीच्या कडेला लावलं. थेंब आत गेला की ओघळला ते कळलं नाही, म्हणून पुन्हा वाकून बघितलं.

"अगं, बी पेरून रोज उकरून बघतेस, उगवणार कसं ते?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनाही चैन पडत नव्हतं. त्यांचं म्हणणं, कोंबडीला एकटेपणाने खाल्लंय, कानावर माणसांचा आवाज हवा. म्हणून त्यांनी आपला छोटा रेडिओ आणून खोक्यावर ठेवला आणि बातम्या लावल्या.

"आई, शांतता सांगितलीय."

"बातम्याच आहेत. गाणी कुठे लावली?"

रेडिओ उतरला. जेवणाची वेळ झाली. तिने ठमीला पायरीवर नेलं नाही; आता परसात कुणाला न्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. स्वयंपाकघरातच पाटावर बसवून मऊ भाताचा घास पुढे केला. ठमीने ओठ आत ओढून घेतले.

"एकच घास. हे बघ, आईसाठी."

"कवडी," ठमी म्हणाली.

"कवडी झोपलीय बाळा. बरी झाली की जेवेल."

"कवडी आधी."

आजीने प्रयत्न केला. आजीने स्वतः कोंबडी होऊन बघितलं. पाटाभोवती कक् कक् करत एक फेरीही मारली, गुडघे दुखत असताना. ठमीने आजीकडे कौतुकाने बघितलं, हसली, आणि तोंड मिटूनच हसली. दिवसभरात पोटात गेलं ते दूध. संध्याकाळी नवरा आला तोवर घरात न जेवणाऱ्या दोघी होत्या, आणि तिसरी जेवणार होती पण तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

नवरा चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायचा. त्याने सगळी हकिगत ऐकली, खोक्याभोवती एक चक्कर मारली आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा नंबर काढायला हवा. जवळचं तुला सगळं दिसतं. खडा, बटण, मुंगी. लांबचं दिसत नाही."

तो नेहमीसारखा हसवायला म्हणाला होता. ती हसली नाही.

लांबचं दिसत नाही. रात्रभर ते वाक्य तिच्या कानात किटकिटत राहिलं. मी सगळीकडे बघत होते, वर सोडून.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती वरही बघू लागली. सकाळपासून आतबाहेर नुसती येरझार. परसात जायचं, आभाळ तपासायचं, आत यायचं, झाकण उचलायचं, ठमी कुठे आहे ते बघायचं, पुन्हा बाहेर. खुराड्यापासून झुडपापर्यंत तिने जुनी मच्छरदाणी बांधली. ती एका बाजूने सुटली. पुन्हा बांधली. कोंडलेल्या तिघी थोराड बायकांनी इतका गोंगाट केला की शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. "काय हो, सगळ्या एकदमच अंड्यावर आल्या की काय?" उत्तर द्यायला ती थांबली नाही. घारीचं आज आभाळात नाव नव्हतं. तेच तिला जास्त लागत होतं. दिसत नाही म्हणजे नेमकी कुठे आहे?

आणि कवडी तशीच. दर वेळी झाकण उचललं की तीच चपटी, मान आत घेतलेली, डोळे मिटलेली कवडी. उलट प्रत्येक वेळी ती आणखी थोडी लहान झालीय असं वाटायचं. सकाळी निदान अंगाला कापरं तरी होतं. दुपारी तेही दिसेना. बलक वाळून कडेने तडकला होता. ठमीने सकाळी दूधही अर्धंच घेतलं आणि पेला दूर सारला.

"आज काहीतरी खायलाच हवं गं हिने," सासूबाई हळूच म्हणाल्या. ठमीबद्दल म्हणाल्या की कवडीबद्दल, तिने विचारलं नाही.

"संध्याकाळी डॉक्टरांकडे नेते."

"कोणत्या?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि मोजे वाळत घालायचे राहिले म्हणून बाहेर गेली, आणि आभाळ बघून, मोजे तसेच हातात घेऊन परत आली.

ठमी स्वयंपाकघरात नव्हती. म्हणजे होती, पण उभ्या माणसाला दिसेल अशी नव्हती. डब्यांच्या फळीखाली फरशीवर पालथी पडून, गाल फरशीला लावून, ती खोक्याच्या भोकाला डोळा लावून होती. असल्या मोठ्या खोक्यांना उचलायला धरता यावं म्हणून बाजूला एक लांबट भोक असतं ना, ते. हे खोकं उलटं ठेवलेलं असल्यामुळे ते भोक खाली आलं होतं, ठमीच्या डोळ्यांशी. इतका वेळ ते तिच्या, म्हणजे घरातल्या घारीच्या, नजरेला पडलं नव्हतं.

ठमी आत काहीतरी कुजबुजत होती. आणि आतून, अगदी बारीक, घशातल्या घशात, उत्तर येत होतं. कुर्र. कुर्र.

ती जागीच थांबली. "ठमे? काय करतेय कवडी?"

"उभी," ठमी भोकावरचा डोळा न काढता म्हणाली. "पाय दिशतात."

उभी! दोन ढांगांत ती खोक्यापाशी पोचली. हात झाकणावर गेलाही होता. तेवढ्यात ठमीने भोकाला तोंड लावलं आणि रोजच्या खेळातल्या आवाजात, पण अगदी हळू, मैत्रिणीला सावध करावं तसं म्हटलं,

"पळ कवडे. घार आली."

आत पायांची खरखर झाली, धप् असा मऊ आवाज आला, आणि मग काहीच नाही.

झाकण अजून उघडलंही नव्हतं. तिचा हात तसाच हवेत राहिला. खिडकीतलं ऊन तिच्या मागून येत होतं, आणि तिची सावली, एक हात पसरलेली, बोटं वाकलेली, खोक्याच्या झाकणांवरून घसरत भिंतीवर गेली होती. झाकणांच्या फटीतून ती आतही पडली असणार. काल सकाळपासून किती वेळा पडली असेल? अंधारात बसलेल्या त्या जिवाच्या डोक्यावरचं छप्पर दर थोड्या वेळाने उघडायचं, वरून उजेडात एक काळं काहीतरी झुकायचं, आणि खाली हात यायचा. साखरेचं पाणी घेऊन का होईना, पण वरूनच यायचा.

तिने हात मागे घेतला. सावलीनेही घेतला.

मग ती खाली बसली. बसली म्हणजे आधी गुडघ्यांवर, मग पालथी, लेकीच्या शेजारी, गाल फरशीला. फरशी गार होती आणि डब्यांच्या फळीखाली कुणीच कधी झाडत नाही हे तिला दिसलं. भोकातून टॉवेलाची कड, पाण्याची वाटी आणि चपट्या झालेल्या कवडीचा एक ठिपकेदार पंख दिसत होता. बराच वेळ गेला. पंख सैल झाला. एक पाय खाली आला. पिवळा, बारीक, बोटं पसरून टॉवेल चाचपणारा.

"उभी," ठमी म्हणाली, तुला सांगितलं नव्हतं का अशा आवाजात.

भाजी चिरायच्या सुरीने तिने भोक वाढवायला घेतलं. झोपल्या झोपल्या, दोन बोटांच्या रुंदीने कापायचं, थांबायचं, आतली खरखर बंद होऊ द्यायची, पुन्हा कापायचं. एवढं हळू तिने आयुष्यात काही केलं नव्हतं. हात शिवशिवत होते. शेवटी खोक्याला खाली एक दार झालं, कोंबडीच्या उंचीचं. समोर ताटली ठेवली, स्टीलची, नेहमीची. तिच्यात भरडा.

आणि मग, आता काय करायचं ते तिला कळलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. ती उठून बसली, ठमीची भाताची वाटी आणि चमचा जवळ घेतला, सरकली, आणि खोक्याकडे पाठ केली.

ठमी येऊन तिच्या मांडीवर चढली, छातीला छाती लावून, हात गळ्यात टाकून.

सासूबाई चहाला आत आल्या तेव्हा त्यांना हे दिसलं: सून फरशीवर, भिंतीकडे तोंड करून, हातात भाताची वाटी, मांडीवर नात. "काय गं? रुसलीस की काय कोंबडीवर?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. सासूबाईंनी ताटली बघितली, खोक्याला पडलेलं दार बघितलं, सुनेची पाठ बघितली. मग आपली खुर्ची उचलून, पाय न घासता, तीही भिंतीकडे वळवून बसल्या.

उन्हं उतरत गेली. बाहेर तिघी थोराड थकून गप्प झाल्या होत्या. तिच्या मानेत मागे बघायची एवढी ओढ भरली होती की मान दुखू लागली. उभी असेल का? दाराशी आली असेल? की पडली असेल, आणि आपण मूर्खासारखे भिंतीवरचा तेलाचा डाग बघत बसलोय? आता पाच मिनिटांनी बघते. नाही. पाठीमागची ताटली दिसेल असं काही जवळ आहे का? चमचा. चमच्यात दिसेल. तिने हातातला चमचा जरासा वर केला, आणि स्वतःचीच लाज वाटून वाटीत खुपसला.

दार वाजलं. नवरा आत आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थबकला. आई, बायको, मुलगी, तिघी भिंतीकडे तोंड करून. "हे काय, नवीन सिनेमा..." एवढं निघालं आणि सासूबाईंनी वळूनही न बघता त्याला हाताने जे खुणावलं ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याने बूट काढले, हातात धरले, आणि तोही बायकोच्या शेजारी येऊन बसला.

"काय बघायचंय?" तो कानात पुटपुटला.

"काहीच नाही," ती म्हणाली. "बघायचंच नाहीये."

तो हसण्याच्या बेतात होता. तेवढ्यात आवाज झाला.

टक.

ती ताठ झाली. ठमी असेल. ठमीला ताटलीवाटीवर नखं वाजवायची खोड होती. पण ठमीचे दोन्ही हात तिच्या गळ्यात होते. नवऱ्याच्या दोन्ही हातांत बूट. सासूबाईंचे हात मांडीवर, एकमेकांत घट्ट.

टक. टक टक.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला की चष्मा पुसला, ते तिला दिसलं नाही. तिचं लक्ष ठमीकडे होतं. ठमी तिच्या खांद्यावरून मागे बघत होती, एकटीच, आणि कुणी तिला अडवलं नाही. बराच वेळ ठमी बघत राहिली. मग वळली, आईच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि आ केला. चांगला मोठा, पडजीभ दिसेल असा.

तिने चमचा उचलला. थोडी शितं सांडली. मान अजूनही मागे वळायला शिवशिवत होती. मागे ताटली वाजत होती. ती ठमीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे बघायला मनाई नव्हती.